मुंबई ते नागपूर १ तास २१ मिनिटं, पण कुठून कुठे?

मी एसटीत एकतीस वर्षं काढली. सुरुवात कंडक्टर म्हणून, शेवट वाहतूक नियंत्रक म्हणून, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं ठाण्यात. वाहतूक नियंत्रक म्हणजे चौकशीच्या खिडकीआड बसलेला तो माणूस, ज्याला दिवसातून तीनशे जण 'गाडी कधी लागणार?' विचारतात आणि उत्तर ऐकून तीनशेही जण नाराज होतात. निवृत्तीनंतर हा प्रश्न सुटला असं वाटलं होतं. पण लेक नागपूरला दिली आणि आता तोच प्रश्न मी विचारतो.

म्हणून हे परीक्षण. वस्तू अशी: दोन शहरांची नावं टाकली की त्यांच्यामधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगणारं एक फुकट संकेतस्थळ. नाव देत नाही, कारण अशी डझनभर आहेत. मी चार उघडून पाहिली आणि चौघांचंही गणित एकाच पाटीवरून उतरवलेलं निघालं. त्यातल्या त्यात कमी जाहिराती असलेलं मी धरलं. वापर दोन महिने. चाचणी म्हणाल तर एक जाणं, एक येणं आणि मनगटावरचं चावीचं एचएमटी घड्याळ, जे रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना लावतो.

डिसेंबरात नातीच्या बारशाचं ठरलं. विदर्भ एक्सप्रेसची वेटिंग लिस्ट बघून जावईबापूंनी परस्पर विमानाची तिकिटं काढली. सौ. म्हणाली, "अहो, किती वेळ लागतो हो विमानाला?" मी मोबाइल काढला, एका चौकोनात मुंबई, दुसऱ्यात नागपूर. क्षणात उत्तर: ६८८ किलोमीटर, १ तास २१ मिनिटं. खाली ४२७.५ मैल आणि ३७१.५ सागरी मैलही. सागरी मैलाचं नागपूरला काय काम, असं वाटेल, पण विमानवाले अंतर त्यातच मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

सौ.ने ही बातमी सोसायटीत कळवली. "ठाण्याहून लोकलने कर्जतला जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात नागपूर!" आणि याच भरवशावर तिने प्रवासाचा डबा केला नाही. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, डब्याशिवाय आम्ही कल्याणच्या पुढे गेलेलो नव्हतो. हे लक्षात ठेवा, याचा हिशोब पुढे येतो.

आधी अंतराबद्दल. इथे संकेतस्थळाला मी पैकीच्या पैकी देणार होतो, एक गुण कापला. कॉलनीतल्या इंजिनिअरिंगच्या एका पोराला बसवून ते आकडे पडताळले. पृथ्वी गोल धरायची, त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर काढायचं. शाळेतला पृथ्वीगोल असेल तर दोऱ्यानेही जमतं. दोन टाचण्यांमध्ये दोरा ताणून धरला की तो आपोआप जवळची वाट पकडतो. मुंबई-न्यूयॉर्क दोरा ताणून पाहा, तो सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे चढतो. तिथलं साडेबारा हजार किलोमीटर अंतर या चढण्यामुळेच तेवढ्यावर राहतं. मुंबई-नागपूर एवढ्याशा टापूत दोऱ्याचा हा बाक नजरेला दिसतही नाही.

पोराचा आकडा मात्र ६८३ आला आणि संकेतस्थळाचा ६८८. पाच किलोमीटर कुठे गेले? एसटीत पाच किलोमीटर इकडेतिकडे झाले तर भाड्याचा टप्पाच बदलायची पाळी; आमचा टप्पा सहा किलोमीटरचा. शोधल्यावर कळलं की पोराने विमानतळ ते विमानतळ धरलं होतं, संकेतस्थळ शहर ते शहर धरतं. आणि त्याच्या लेखी 'मुंबई' नावाचा बिंदू कुर्ल्याच्या आसपास कुठेतरी पडतो. विमान कुर्ल्याहून सुटत नाही. कुर्ल्याहून काय काय सुटतं ते आम्हाला पाठ आहे.

नागपूरचा बिंदू त्याने शहराच्या मध्यात धरला, ते एकवेळ शोभतं. तिथे झीरो माइलचा खांब आहे, इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला, शेजारी चार घोडे. बाजूच्या दगडावर हैदराबाद, जबलपूर, शिवनी, बैतूल अशी नावं आणि मैल कोरलेले. मी तिथे उभा राहून अर्धा तास वाचत होतो, जावई गाडीत एसी लावून बसले होते. त्या दगडाची मला आवडलेली गोष्ट ही की मोजणी कुठून केली याचा पुरावा स्वतः दगडच आहे. संकेतस्थळाने निदान एका ओळीत 'कुठून' ते लिहायला काय हरकत होती?

टप्प्यांत सांगायचं तर विमानाने ठाणेकर नागपूरला ११४ टप्प्यांत जातो. उगाच सांगितलं. सवय.

एक सोय मात्र मला मनापासून आवडली, ती म्हणजे 'मधला बिंदू'. दोन शहरांच्या बरोबर मध्यावर काय आहे ते हे संकेतस्थळ दाखवतं. मुंबई-नागपूरचा मध्य जालना जिल्ह्यात जाफराबादच्या आसपास पडतो. कामाचं काही नाही त्यात. पण जाताना मी खिडकीशी बसलो होतो, निम्मा वेळ झाला तेव्हा घड्याळ बघून खाली पाहिलं. शेततळी दिसत होती. प्लास्टिक अंथरलेली, चौकोनी, ऊन पडून लखलखणारी. कोणीतरी रानात आरसे वाळत घातल्यासारखी. मोजायला लागलो, अकरापर्यंत आलो आणि ढग आला. सौ.ला म्हटलं, "हे बघ, जाफराबाद." ती म्हणाली, "इथे उतरवतात का काही खायला?"

आता वेळ. खरं दुखणं इथे आहे.

१ तास २१ मिनिटं कशी आली, याचा शोध लावायला मला अर्धी दुपार पुरली. मी वेगवेगळी शहरं टाकत गेलो आणि दोन-दोन उत्तरं एकमेकांतून वजा करत गेलो. हिशोब असा निघाला: अंतराला ताशी ८०० ने भागायचं आणि वर सरसकट ३० मिनिटं टाकायची. ६८८ भागिले ८०० म्हणजे ५१ मिनिटं, अधिक ३०, झाले १ तास २१. बस्स. मुंबई-पुण्यालाही तीच ३० मिनिटं आणि मुंबई-न्यूयॉर्कलाही तीच. ही ३० मिनिटं चढण्या-उतरण्याची समजायची.

कोणी हसेल, पण माझी पहिली प्रतिक्रिया आदराची होती. आम्ही एसटीत हेच करायचो. साध्या गाडीला अमुक वेग, घाट असला तर वर एवढी मिनिटं, थांब्यांची एवढी. गणित साधं असावं, कंट्रोलरला रात्री अडीच वाजतासुद्धा करता आलं पाहिजे. फरक एवढाच की आम्ही कसारा घाटाला वेगळी मिनिटं द्यायचो आणि मुरबाडच्या सपाटीला वेगळी. या बाबाने सगळ्या देशाला एकच घाट लावलाय.

आणि मुंबईचा 'घाट' हा की नागपूर पूर्वेला असताना विमान बहुतेक वेळा पश्चिमेला तोंड करून निघतं. वारा समुद्रावरून येतो, विमानाला उड्डाणाला समोरचा वारा लागतो, म्हणून ते जुहूच्या बाजूने थेट अरबी समुद्रावर जातं. तिथे वळतं आणि मग जमिनीकडे येतं. खिडकीतून पाणीच पाणी दिसल्यावर सौ.ने माझा दंड धरला, "अहो, आपण दुबईच्या तर विमानात नाही ना बसलो?" तिची चूक नव्हती. ठाण्याच्या खोपट स्टँडवरून भिवंडीची गाडी काढायची आणि ती आधी उलट्या दिशेच्या तीन हात नाक्याला वळसा घालून आणायची, असा तो प्रकार.

दुसरी गोष्ट, वारा. हिवाळ्यात उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. विमान हवेच्या हिशोबाने ८०० ने जात असेल आणि पाठीमागून ८० चा वारा असेल, तर जमिनीच्या हिशोबाने ते ८८०. येताना तोच वारा छाताडावर, म्हणजे ७२०. ६८३ किलोमीटरला जाताना साडेसेहेचाळीस मिनिटं, येताना सत्तावन्न. दहा मिनिटांचा फरक. लांबच्या प्रवासात तो तासाच्या घरात जातो. संकेतस्थळात नागपूर-मुंबई उलटं टाकून पाहा: १ तास २१ मिनिटं. हूं का चूं नाही. माळशेज चढायला आणि उतरायला सारखाच वेळ म्हणणारा कंट्रोलर मी एक दिवस ठेवला नसता.

आता माझी नोंद. वहीतून जशीच्या तशी उतरवतोय, महिना जानेवारी, निघण्याचं ठिकाण चरई, ठाणे पश्चिम. टॅक्सी दाराशी ७.५० ला. सुटली ७.५६. पूर्व द्रुतगती महामार्गाने मुलुंड नाका. तिथला छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून बंद आहे, तरी गाड्या त्या जागी सवयीने हळू होतात, मेलेल्या माणसाच्या खुर्चीत कोणी बसू नये तसं. ऐरोलीचा जोड ८.१४. विक्रोळीहून जोगेश्वरीकडे वळलो ८.२९. पवई तलाव उजव्या हाताला दिसायला लागला तो बराच वेळ दिसतच राहिला. विमानतळाचं टर्मिनल दोन, ९.१५. चोवीस किलोमीटर, सुटल्यापासून १ तास १९ मिनिटं.

म्हणजे बघा, संकेतस्थळाच्या हिशोबाने आम्हाला एव्हाना नागपूरला उतरायला दोन मिनिटं बाकी होती.

पुढे सामान देणं, तपासणी, पट्टा काढा, पट्टा घाला. मेतकुटाच्या पुडीपाशी यंत्रावरच्या जवानाने हात थांबवला. पुडी वर धरली, वास घेतला, सौ.कडे पाहिलं. "मेतकूट आहे, भाताबरोबर खातात," ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि पुडी परत दिली, ती मात्र दोन्ही हातांनी. बहुधा मराठी असावा. यात ४५ मिनिटं गेली, दहा वाजता मोकळे झालो. तिकिटावर सुटण्याची वेळ ११.४०. बसायला सोडलं ११.०० नंतर, दार लागलं ११.३३, विमान जागचं हललं ११.४४. आता उडणार म्हणून मी सौ.चा हात धरला आणि मग ते एकोणीस मिनिटं नुसतं चालत राहिलं. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. ठाणे स्टेशनच्या रिक्षा स्टँडवर जशी रांग पुढे सरकते, तशी विमानं एकामागे एक शेपूट बघत उभी. चाकं सुटली १२.०३ ला.

टेकली १.०८ ला. हवेत ६५ मिनिटं. हे वाचून संकेतस्थळवाला म्हणेल, बघा, मी १ तास २१ सांगितलं, त्याहून आधीच पोचवलं! तीच तर गोम आहे. त्याचा आकडा धड हवेतलाही नाही आणि जमिनीवरचाही नाही. मधला कुठला तरी, जो कुठल्याच घड्याळात दिसत नाही.

उलट तिकिटावर छापलेले ११.४० ते १.१५, म्हणजे १ तास ३५ मिनिटं, यावर मी आधी हसलो होतो. म्हटलं, चौदा मिनिटं पदरची टाकलीत, वेळेवर पोचल्याचा गाजावाजा करायला. पण ती वेळ कशी मोजतात हे कळल्यावर टोपी काढली. विमान जागेवरून हललं की सुरू आणि उतरून पुन्हा जागेवर उभं राहिलं की बंद. मधलं धावपट्टीकडे चालणं, रांगेत थांबणं, समुद्रावरचा वळसा, सगळं आत. म्हणजे फलाट ते फलाट! हा आमचाच हिशोब. आम्हीही गाडी फलाट सोडते तेव्हा वेळ मांडायचो, वेशीबाहेर पडते तेव्हा नाही. विमान नागपूरला बरोबर १.१५ ला उभं राहिलं, चार मिनिटं उशिरा निघूनही. विमान कंपन्यांच्या हिशोबात पंधरा मिनिटांच्या आत आलं तर ते वेळेवरच धरतात. आमच्याकडे एवढं उदार धोरण असतं तर माझ्या ड्युटीच्या निम्म्या गाड्या वेळेवर ठरल्या असत्या.

सामान १.३३, बाहेर १.३८, मनीषनगर १.५८. लेकीचं घर सोनेगावच्या विमानतळापासून जवळ, म्हणून एवढ्यात. सकाळी ७.५० ते दुपारी १.५८, एकूण ६ तास ८ मिनिटं, त्यातली हवेत ६५. लेकीने पुडाची वडी करून ठेवली होती, तिकडे तिला सांबारवडी म्हणतात, कारण कोथिंबिरीला सांबार. संकेतस्थळाचा आकडा तिलाही आईने कळवला होता, त्यामुळे वड्या साडेअकरालाच तळून ठेवलेल्या. गार आणि मऊ. "बाबा, तुम्ही निघाला होतात कधी नक्की?" तिने विचारलं. दोन वाजता, बिनडब्याची, सकाळच्या चहावर असलेली सौ. काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा मला जास्त अनुभव आहे.

आता तुलना आलीच. रेल्वेने मुंबई-नागपूर ८३७ किलोमीटर, त्यातले ३४ ठाण्यापर्यंतचे वजा केले तर आम्हाला ८०३. गाडी मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा करत वर्ध्यापर्यंत जाते आणि तिथून वर नागपूरकडे वळते, म्हणून एवढे भरतात. पण संध्याकाळी ठाण्याला बसायचं, डबा सोडायचा, इगतपुरीला झोपायचं आणि सकाळी नागपूर. ती रात्र तशीही झोपेतच जाणार असते, तिचा हिशोब कोण मांडतो?

रस्त्याचं अंतर विचाराल तर संकेतस्थळ अजून जुन्या वाटेचं दाखवतं, आठशेच्या वर. समृद्धी महामार्गाचा त्याला पत्ताच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा. एकूण ७०१ किलोमीटर, आणि आमणे म्हणजे आपल्या भिवंडीजवळ, ठाणे जिल्ह्यातच. गंमत बघा, विमानाची वाट ६८३ आणि डांबराची ७०१. सुरुवात वेगवेगळ्या जागी आहे हे मान्य, तरी डोंगर फोडून काढलेला रस्ता हवेतल्या रेषेच्या इतक्या जवळ यावा, याचं मला एसटीवाला म्हणून कौतुक वाटतं. जावई त्या रस्त्याने एकदा आले होते, दोन चहा आणि एक जेवण धरून नऊ तासांत आमच्या दारात. आमचे विमानाचे सहा तास आठ मिनिटं मांडले तर सरासरी ताशी १११ च्या आसपास. समृद्धीवर मोटारीला मुभा १२० ची आहे!

अर्थात मी मोटारीने जाणार नाही. नऊ तास जावयाशेजारी बसून काय बोलायचं?

शेजारच्या काकूंच्या मुलासाठी दुबईही टाकून पाहिलं. साधारण १,९३० किलोमीटर, २ तास ५४ मिनिटं. त्याच्या तिकिटावर मात्र संध्याकाळी ४.३० ला निघून ६.१५ ला पोचणार असं. काकू म्हणाल्या, "तुमचं यंत्र बिघडलंय, पावणेदोन तासांत जातं की." बिघडलेलं नव्हतं. दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास, म्हणजे खरा वेळ सव्वातीन तास. संकेतस्थळावर दोन्ही शहरांची घड्याळं शेजारी दाखवली असती तर मला काकूंच्या दारात चप्पल घालून वीस मिनिटं उभं राहावं लागलं नसतं.

आपल्याकडे देशभर एकच घड्याळ, त्यामुळे नागपूरला हा घोळ नाही. पण सूर्य ते घड्याळ मानत नाही. ठाणे आणि नागपूर यांच्यात रेखांशाचे सहा अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे चोवीस-पंचवीस मिनिटांचा फरक. जानेवारीत संध्याकाळी सहाला लेक व्हिडिओ कॉल करते तेव्हा तिच्या मागे ट्यूबलाइट लागलेली असते आणि माझ्या गॅलरीत अजून ऊन. सौ. दर वेळी म्हणते, "काय गं, इतक्यात दिवे?" ६८३ किलोमीटर म्हणजे किती, हे मला आकड्यापेक्षा त्या ट्यूबलाइटवरून जास्त कळतं.

परतीचं थोडक्यात. संध्याकाळचं विमान, समोरून वारा. मुंबईजवळ येऊन दोन घिरट्या घातल्या, खालची जागा मोकळी व्हायची होती. हवेत १ तास २५. पूर्वेकडून उतरताना विमान नवी मुंबईवरून खाडी ओलांडतं आणि घाटकोपरच्या बाजूने खाली येतं. उजव्या खिडकीतून खाडीचा काळा पट्टा आणि त्यापलीकडे दिव्यांची दाटी दिसली, ते ठाणे. घर एवढं जवळ दिसत होतं की दोरी सोडून उतरावं. तिथून पुढे घरी पोचायला पावणेदोन तास लागले.

पण या वेळी टॅक्सी केली नाही आणि ही गोष्ट ठाणेकरांनी लिहून ठेवावी. टर्मिनल दोनखालूनच भुयारी मेट्रो, एक स्टेशन पुढे मरोळ नाका. तिथे वर येऊन घाटकोपरची मेट्रो: साकीनाका, असल्फा, जागृती नगर, घाटकोपर. मग आपली लोकल. मेट्रोत बसल्यापासून ठाणे स्टेशनला उतरेपर्यंत तासाभरात. रात्री नऊनंतर गर्दी ओसरलेली होती म्हणून जमलं. सकाळी साडेआठला दोन बॅगा घेऊन ठाण्याहून फास्ट लोकलमध्ये चढायचा सल्ला मी वैऱ्यालाही देणार नाही.

राहता राहिलं नवी मुंबईचं नवं विमानतळ. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडायला लागली. संकेतस्थळात 'मुंबई' टाकलं की ते अजून एकच मुंबई धरतं. दोन विमानतळांच्या शहराला हे चालणार नाही, कारण ठाणेकराला खरा प्रश्न तोच पडणार: पवईकडे वळायचं की कळव्याहून ठाणे-बेलापूर रस्ता धरायचा? पोराने गणित करून दिलं. उलव्याच्या त्या विमानतळावरून नागपूर हवेतून सुमारे १६ किलोमीटर जवळ. विमानाच्या वेगाने वाचले किती? सव्वा मिनिट. आणि चरईहून तिथे जायला रस्त्याने दहा-पंधरा किलोमीटर जास्त. पण वाहतूक वाहती असली तर? ते पुढच्या खेपेला घड्याळ लावून पाहीन, तोवर वहीत तो रकाना रिकामा ठेवलाय.

तर गुण. अंतराला दहापैकी नऊ. मधल्या बिंदूला दहापैकी दहा, जाफराबादसाठी. विमानाच्या वेळेला चार, तेही गणित सोपं ठेवलं म्हणून. 'विमानप्रवासाचा वेळ' हे शीर्षक काढून 'अंदाजे, आणि तोही फक्त विमानाचा' असं लिहिलं तर मी सहा करायला तयार आहे. भाव शून्य रुपये असल्याने पैशाची तक्रार नाही. एसटीत सौ.ला अर्धं तिकीट असतं, विमानात दोघांनाही पूर्ण, पण तो राग संकेतस्थळावर काढण्यात अर्थ नाही.

ही सगळी नोंद मी एका कागदावर स्वच्छ अक्षरात काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. आमच्या जुन्या नोंदवहीसारखेच रकाने पाडलेत: ठिकाण, नियत वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशीर, उशिराचे कारण. पहिल्याच ओळीत 'चरई, ७.५०, ७.५६, ६ मिनिटे' आणि कारणाच्या रकान्यात मी 'चालक' असं लिहिलं होतं. काल स्वेटर काढायला दार उघडलं तेव्हा पाहिलं, 'चालक' वर पेन्सिलची रेघ मारून सौ.ने बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय: 'वॉचमनला टाकीच्या पाण्याबद्दल सांगत होते.'